लिंबाखालचा दवाखाना

नगराहून मनमाडच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहराची वस्ती संपते न संपते तोंच नागापूर लागतें. एके काळीं सीना नदीच्या परिसरांतलें हें एक साधें खेडें. आतां तें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें असून त्याच्या अंगाशीं औद्योगिक वसाहत उभी आहे. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींची रांग, चहाचीं दुकानें, आणि या सर्वांच्या मागें, रस्त्यानें जाणाराच्या दृष्टीस सहसा न पडणारी, पत्र्याच्या खोल्यांची व ताडपत्रीच्या पालांची वस्ती. आमचे एक चुलतबंधु तेथील एका कारखान्यांत हिशेबनीस आहेत. २०२४ सालीं गौरींच्या सणाला आम्ही त्यांच्या घरीं उतरलों होतों. (त्याच वर्षीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें, परंतु जिभेला वळण पडलेलें असतें, तेव्हां या लेखांत ‘नगर’च आलें तर वाचकांनीं क्षमा करावी.) गौरीजेवणाचा दिवस बुधवारीं आला होता. घरांत सोळा भाज्यांची लगबग. आणि नेमकी त्याच सकाळीं भांडीं घासणारी बाई आली नाहीं.

स्वयंपाकघरांतून जे उद्गार निघाले ते येथें लिहीत नाहीं. सणाच्या दिवशीं ज्यांच्या घरीं असा प्रसंग आला असेल त्यांना ते सांगावयास नकोत. आम्हीहि त्या उद्गारांत आपला वांटा उचलला, हें कबूल केलें पाहिजे. वहिनींनीं मात्र पातेलें विसळतां विसळतां शांतपणें सांगितलें, “आज बुधवार. दवाखान्याची मोटार येते. तिच्या पोराला चार दिवस हगवण लागली आहे, त्याला घेऊन ती तिकडे गेली असेल. दुपारीं येईल.” ही मोटार कसली म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “भाऊजी, जेवणाला अजून तीन तास आहेत. इथं मध्यें मध्यें करण्यापेक्षां जाऊन बघून या कीं!”

अशा रीतीनें, कांहींशा हकालपट्टीच्या थाटांत, आम्ही त्या वस्तींत प्रथम पाऊल टाकलें.

वस्तीच्या तोंडाशीं एक जुना लिंब आहे. त्याच्या सावलींत एक पांढरी मोटार उभी होती. मागचें दार उघडें, दाराशीं लांकडी पायरी, बाहेर एक घडीचें मेज आणि दोन बांकें. मोटारींत एक तरुण डॉक्टरीणबाई, एक परिचारिका आणि औषधें देणारा एक गृहस्थ. मोटार हांकणारा खालीं उतरून मेजाशीं नांवें लिहून घेत होता. त्याच्या तोंडीं प्रत्येक बाईचें नांव होतें आणि प्रत्येक मुलाचें टोपणनांव. याखेरीज वस्तींतलीच एक बाई होती. तिला सर्वजण ‘ताई’ म्हणत. सकाळीं आठ वाजल्यापासून ती पालापालांतून फिरून “आज मोटार हाय, पोरीला घेऊन ये,” असें सांगत आलेली. मोटार एका धर्मादाय संस्थेची. दर बुधवारीं दहा ते एक ती या लिंबाखालीं असते, आणि बाकीच्या दिवशीं अशाच दुसऱ्या वस्त्यांत.

प्रथम लहान मुलांची पाळी. परिचारिका एक रंगीत फीत मुलाच्या दंडाभोंवतीं गुंडाळी. साडेअकरा सेंटिमीटरांच्या आंत दंड भरला कीं फितीचा तांबडा रंग दिसतो. तसें मूल तीव्र कुपोषित समजून तें पुढें पाठवावयाचें. केवढी साधी युक्ति! वजनकांटा नको, वय नीट ठाऊक नसलें तरी चालतें, आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या सर्वांना एकच माप. अर्ध्या तासांत आम्हीं तो तांबडा रंग दोनदां पाहिला. दुसऱ्या वेळीं त्या मुलाची आई हंसत होती. तिला तो रंग शुभ वाटला असावा.

मग लसी. लशीची पेटी म्हणजे एक निळा डबा; त्यांत चार बाजूंना बर्फाच्या पट्ट्या आणि मध्यें कुप्या. दोन ते आठ अंश उष्णतेच्या दरम्यान ती लस राहिली तरच तिच्यांत तेज. गोवराची कुपी एकदां द्रव घालून उघडली कीं चार तासांत वापरली पाहिजे, नाहीं तर टाकून दिली पाहिजे. म्हणून परिचारिकेची सारी धडपड अशी, कीं कुपी उघडण्यापूर्वीं पुरेशीं मुलें जमावीं. ताई पुन्हां पालांकडे धांवली. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. या दोहोंच्या मध्यें जें मूल गांव बदलतें त्याची दुसरी मात्रा बहुधा चुकते. पहिल्या गांवच्या वहींत तें ‘स्थलांतरित’ आणि दुसऱ्या गांवच्या वहींत त्याचें नांवच नाहीं. दोन वह्यांच्या मधल्या फटींत पडलेलीं अशीं मुलें एका वस्तींत जमलीं म्हणजे काय होतें तें २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीच्या बाजूला दिसलें. गोवराची सांथ उठली आणि मुलें दगावलीं. गोवर आमच्या आजीच्या काळांत घरोघर येई व ‘देवी आल्या’ तसाच ‘गोवर आला’ म्हणून लोक कडुलिंबाचा पाला बांधीत. तो आतां गोष्टींत राहिला अशी आमची समजूत होती. ती समजूत सिमेंटच्या घरापुरती खरी आहे.

आमच्या चुलतबंधूंकडील बाई रांगेंत होती. आम्हांला पाहून ती इतकी ओशाळली, कीं आम्हांलाच तोंड लपवावेंसें वाटलें. “दादा, वहिनींना सांगा, येतेच मी,” असें ती तीन वेळां म्हणाली. तिच्या मांडीवरचें दीड वर्षांचें पोर डोळे खोल जाऊन निपचित पडलें होतें. डॉक्टरीणबाईंनीं त्याच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली. ती हळूहळू मागें गेली. त्यांनीं सलाईन लावलें नाहीं. जलसंजीवनीची पुडी एका लिटर उकळून निवलेल्या पाण्यांत कालवली आणि आईच्या हातीं वाटी-चमचा दिला. “एक चमचा, मग थांबायचं. ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हां. अंगावरचं दूध बंद करायचं नाहीं.” बरोबर जस्ताच्या गोळ्या दिल्या, त्या चौदा दिवस द्यावयाच्या. तास-सव्वा तास ती बाई त्या बांकावर चमच्यामागून चमचा भरवीत बसली होती. आम्ही निघालों तेव्हां पोरानें तिच्या हातांतला चमचा ओढण्याचा प्रयत्न केला, आणि डॉक्टरीणबाई प्रथमच हंसल्या.

या चमच्यामागें एक इतिहास आहे, आणि तो निर्वासितांच्याच छावणींतला आहे. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि लोक सरहद्द ओलांडून भारतांत आले. बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ उसळली. रुग्णालयाची जमीन ओकारीनें व हगवणीनें भरलेली, शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलेलें, आणि तें देणारीं माणसें त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं तेथें धाडस केलें. बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढें एक लिटर पाण्यांत मिसळून तें पिंपांत भरून ठेवलें. आणि पाजण्याचें काम रोग्यांच्या आईबापांवर व भावंडांवर सोपविलें. वैद्यकांतल्या पुष्कळ थोरांना त्या वेळीं हा प्रकार पोरखेळ वाटत होता. परंतु मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तिसाच्या घरांत होतें तें चारांच्याहि खालीं आलें. शहाणपणाचा केवढा भाग औषधांत होता आणि केवढा तें औषध आईच्या हातीं देण्यांत होता, हें सांगणें कठीण आहे. डॉ. महालनबीस २०२२ सालीं वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ सालीं मिळालें.

आतां कोणी विचारील, नागापूरचे हे लोक निर्वासित कोठून झाले? यांची कोणी सरहद्द बदलली नाहीं. हा प्रश्न आम्हीं स्वतःलाहि विचारला. कायद्याच्या अर्थानें ते निर्वासित नव्हेत हें उघड आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें निर्वासित कोणास म्हणावें हें ठरवून दिलें. त्या करारावर भारतानें सही केलेली नाहीं, आणि निर्वासितांसाठीं वेगळा कायदाहि आपल्याकडे नाहीं. तरी आपल्या भूमीनें आश्रय पुष्कळांना दिला आहे. कोल्हापुराजवळ वळिवडें येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोक, त्यांत बायका-मुलेंच फार, येऊन राहिले होते. त्यांची शाळा होती, देऊळ होतें, रुग्णालय होतें. ते गेल्यावर त्याच जागीं सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व तिचें गांधीनगर झालें. कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधमधून आलेले लोक बराकींतून राहूं लागले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजाजींच्या हस्तें तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें. गोंदियाकडे तिबेटी आहेत, गडचिरोली-चंद्रपुराकडे बंगाली आहेत. दिल्ली-हैदराबादच्या झोपड्यांतून आज रोहिंग्या कुटुंबें राहतात.

या सर्वांच्या मागें निदान एक शब्द आहे, एक कागद आहे, कोणी तरी ठेवलेली यादी आहे. नागापूरच्या पालांतल्या माणसामागें तेंहि नाहीं. कोणी पाथर्डीचा, कोणी जामखेडचा, कोणी पलीकडे बीड जिल्ह्यांतील आष्टीचा. विहीर आटली आणि तो निघाला. कोणी बिहारचा, कोणी उत्तर प्रदेशाचा, ठेकेदारानें आणला. धरणाखालीं गांव गेलेल्यांचीं घराणींहि या जिल्ह्यांत कांहीं थोडीं नाहींत. जायकवाडीच्या पाण्यांत शेवगांव-नेवाशाकडील गांवें बुडालीं तीं लोकांच्या स्मरणांत आहेत. आपल्या भाषेंत वास सुटला तो निर्वासित, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे; आणि त्या अर्थानें हे लोक त्या नांवास पात्र आहेत असें आमचें मत आहे. ज्यांना तें पटत नसेल त्यांनीं दुसरा शब्द वापरावा. हगवण आणि गोवर शब्द पाहून येत नाहींत.

गांव सुटलेल्या रोग्याकडे दवाखान्यानें जावें, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां लोक घरेंदारें टाकून माळरानांवर झोपड्यांत जाऊन राहिले. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत दवाखाना काढला, आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत. मुंढव्याच्या वस्तींतल्या एका मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें असें सांगतात. तो वांचला, सावित्रीबाईंना प्लेगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्या काळांत आपल्या समाजांतील कित्येक घरें प्लेगाच्या झोपड्यांत राहिलीं होतीं. आमच्या पणजी त्या दिवसांविषयीं बोलत तेव्हां रोगाची भीति कमी आणि अंगण सुटल्याचें दुःख जास्त असे. आपणहि कधीं काळीं पालांत राहिलों होतों, ही गोष्ट आपण तीन पिढ्यांत किती सफाईनें विसरलों!

असो. लिंबाखालीं परत जाऊं.

साडेबाराच्या सुमारास एक बाई मेजाशीं आली. वय पंचवीस-तिसांतलें, पदर तोंडाशीं धरलेला. ताईनें तिला हाताला धरून आणलें होतें असें दिसलें. तिच्या क्षयावर दोन महिन्यांपासून उपचार चालू होते. मोटारीनेंच तिची थुंकी तपासण्यास पाठविली होती. आतां ही तपासणी एका लहानशा यंत्रावर तासाभरांत होते. तें यंत्र विजेच्या घटावर चालतें आणि गोव्यांत तयार होतें, हें ऐकून आम्हांला अभिमान वाटला. औषध सरकारी केंद्रांतून फुकट मिळतें, रोज घ्यावयाचें, सहा महिने. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, अंगावर मांस येतें, आणि रोग्याला वाटतें आपण बरे झालों. तेथेंच सारा घात असतो. अर्ध्यावर औषध सोडलें कीं उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग तो रोग बरा करणें फार जड जातें. घरच्यांनाहि तो तसल्याच हट्टी रूपांत मिळतो.

“आतां बरं हाय बाई,” ती म्हणाली. “दिवाळी झाली का आमी खालीं जानार. मालकानं उचल घेतलीया.”

‘खालीं’ म्हणजे ऊस तोडावयास. आपल्या वाचकांपैकीं नगर जिल्ह्यांतले जे असतील त्यांना ठाऊकच आहे, इतरांसाठीं सांगतों. पावसाळा संपला कीं या दुष्काळी तालुक्यांतून नवराबायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखांत जाते व चैत्राच्या सुमारास परत येते. तोंवर उसाच्या फडाशेजारीं कोपी हेंच घर. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल कोण देणार? पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या कांठीं ज्या जिल्ह्यांत उभा राहिला, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचीं माणसें ही तोड करावयास दूरदूर जातात. एकाच जिल्ह्याचीं हीं दोन तोंडें.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं विचारलें, “कुठल्या कारखान्याला?” तिला ठाऊक नव्हतें, मुकादमाला ठाऊक. “मुकादमाचा नंबर?” तो नवऱ्याच्या भ्रमणध्वनींत. “घरांत लहान कोण आहे?” “धाकटी हाय. तीन वर्सांची. सासूपाशीं ठिवलीया गांवाला.” “तिला आणायला हवं. तिची तपासणी करूं, आणि तिला आजार नसला तरी तो होऊं नये म्हणून औषध देऊं.” यावर ती बाई कांहीं बोलली नाहीं. पाथर्डीच्या बाजूला जाऊन मुलीला आणणें म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणें, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला होता. सरकार क्षयाच्या रोग्याला आहारासाठीं पैसे देतें. तेव्हां महिना पांचशें रुपये होते, त्याच वर्षीं नोव्हेंबरपासून हजार झाले. पण ते बँकेच्या खात्यांत येतात, आणि तिचें खातें गांवाकडच्या बँकेंत बंद पडलेलें.

ताईनें आपल्या वहींत कांहीं लिहिलें. रोग्याला सरकारी नोंदींत एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक सांगितला तर देशांतल्या कोणत्याहि सरकारी केंद्रावर उपचार पुढें चालूं शकतो. डॉक्टरीणबाईंनीं तो क्रमांक कागदावर लिहून दिला. ताईनें तो कागद परत घेतला आणि एका फडक्यावर काळ्या दोऱ्यानें टीप घालावी तसा शाईनें ठळक लिहून दिला. “कागद भिजतो बाई, चिंधी भिजली तरी राहती.”

एक वाजतां पडदा पडला. आम्हीं डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न विचारला: रांगेंत पुरुष आम्हीं तीनच मोजले, पुरुष आजारी पडत नाहींत काय? त्या म्हणाल्या, “पडतात, पण दहा ते एक या वेळांत ते कारखान्यांत असतात. त्यांना रक्तदाब असतो, मधुमेह असतो, छातींत धूळ असते. ते आमच्याकडे येतात तेव्हां उचलून आणलेले असतात. मोटार संध्याकाळीं सात वाजतां यायला हवी. पण त्यासाठीं दुसरी मंडळी हवीत, उजेड हवा.” फिरत्या दवाखान्याच्या सोयीनें रोगी फिरतो कीं रोग्याच्या सोयीनें दवाखाना, हा त्या धंद्यांतला खरा प्रश्न आहे असें दिसलें.

आणखीहि उणें आहे. आम्हीं नंतर अशा इतर मोटारींची माहिती काढली, तेव्हां एक प्रकार असाहि आढळला, कीं मोटारीवर देणगीदाराचें नांव तीन फूट उंच, छायाचित्रकार हजर, डोकेदुखीच्या गोळ्यांचीं पुडकीं वांटलीं, आणि मोटार जी गेली ती पुन्हां त्या वस्तींत दिसली नाहीं. तसल्या मोटारीपेक्षां एखादी ठरलेल्या वारीं येणारी हातगाडी बरी. आठवड्यांतून एक दिवस तीन तास, यांत प्रसूति होत नाहीं, हाड जोडलें जात नाहीं. त्या मोटारीच्या मागें एखादें कायमचें रुग्णालय असलें पाहिजे, आणि त्या रुग्णालयाच्या दाराशीं मोटारीच्या चिठ्ठीला मान असला पाहिजे. वस्तींतल्या एका गरोदर बाईला मोटारीनें चिठ्ठी देऊन एका मोठ्या रुग्णालयांत पाठविलें होतें. रक्तांत लोह फारच कमी म्हणून. तेथल्या खिडकीवर तिला गांवच्या पत्त्याचे कागद मागितले, उद्यां या म्हणून सांगितलें, आणि ती उद्यां गेली नाहीं. खिडकीवरच्या माणसानें नियम मोडला नाहीं. तिचें बाळंतपण पालांत झालें. मूल जगलें, ताईनें हें सांगतांना “तिचं नशीब” एवढेंच म्हटलें, आणि तिचें म्हणजे कोणाचें हें आम्हीं विचारलें नाहीं.

सरकारी योजना कागदावर नाहींत असें नाहीं. २०१३ सालापासून शहरांसाठीं वेगळें आरोग्य अभियान आहे. पन्नास हजार वस्तीमागें एक नागरी आरोग्य केंद्र, दोनशें ते पांचशें घरांमागें एक आशा, असें त्याचें माप. परंतु माप लावावयाचें तर घरें मोजलीं पाहिजेत, आणि पाल हें घर धरावयाचें कीं नाहीं यावर सारें अडतें. खानेसुमारीच्या दिवशीं ज्या जागीं पन्नास पालें होतीं तेथें सहा महिन्यांनीं कारखान्याची भिंत असते, आणि पन्नासांचीं शंभर पालें ओढ्यापलीकडे.

ताईविषयीं मात्र चार ओळी अधिक लिहिल्याशिवाय राहवत नाहीं. ती सातवीपर्यंत शिकलेली, स्वतः याच वस्तींत दहा वर्षांपूर्वीं आलेली. मोटारींतली सर्व विद्या तिच्यावांचून लंगडी आहे, हें डॉक्टरीणबाई मोकळेपणानें बोलून दाखवीत. या युक्तीचें मूळ शोधावयास या जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. जामखेडला १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य येऊन राहिलें. त्यांचीहि सुरुवात गांवोगांव जाणाऱ्या आरोग्यपथकानेंच झाली. पथक गेलें कीं गांवांत कांहीं मागें उरत नाहीं, हें लक्षांत येतांच त्यांनीं गांवांतल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक ज्यांना गांवानें विहिरीपासून दूर ठेवलें अशा घरांतल्या. त्यांना त्यांनीं बाळंतपण, पोषण, हगवणीवरचें पाणी, सारें शिकविलें. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें आणि देशोदेशींचे डॉक्टर त्या बायकांपाशीं शिकावयास जामखेडला येऊं लागले. खेडें स्थिर असतें, म्हणून तेथें तें साधलें; वस्ती वाहती असते, म्हणून तेथें कठीण, असा एक आक्षेप आहे. तो खरा आहे. पण वाहत्या वस्तींतहि एखादी ताई दहा वर्षें टिकते.

घरीं परतलों तों पानें वाढलीं होतीं. बाई दुपारीं दोनला आली. पोराला पाठीशीं बांधून तिनें सारीं भांडीं घासलीं. वहिनींनीं तिला पुरणपोळी दिली व दुसऱ्या दिवशीं रजा घे म्हणून सांगितलें. तिनें रजा घेतली नाहीं. रजेचे पैसे कापले जात नाहींत यावर तिचा विश्वास बसला नसावा, आणि तो बसावा असें आपल्या घरांतून आजवर फारसें कोणीं केलेलेंहि नाहीं.

दिवाळीनंतर टोळ्या गेल्या. मार्गशीर्षांत वहिनींशीं बोलतांना आम्हीं त्या खोकल्याच्या बाईची चौकशी केली. निघतांना ताईनें तिला एक महिन्याचीं औषधें मिळवून दिलीं होतीं. मुकादमाचा नंबर तीन वेळां चुकीचा निघाला. चौथ्या वेळीं लागला. टोळी कोल्हापूरच्या बाजूला होती. दुसऱ्या कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवरून त्या बाईनें ताईला सांगितलें, कीं गोळ्या नऊ उरल्या आहेत, आणि केंद्र कोठें आहे तें ठाऊक नाहीं. मग नागापुराहून डॉक्टरीणबाईंनीं त्या तालुक्याच्या क्षयकेंद्राला कळविलें. तेथील आशेनें उसाच्या फडांतून दोन दिवस शोध घेतला. कोप्या सर्व सारख्या. शेवटीं फडक्यावरचा क्रमांक दाखवून त्या बाईनेंच स्वतःला ओळखवून दिलें. मध्यें तीन दिवस औषधाचा खाडा पडला.

चैत्रांत आम्ही पुन्हां नागापुरास गेलों. बुधवार मुद्दाम साधला होता. लिंबाला नवी पालवी आलेली, मोटार त्याच जागीं, आणि मोटार हांकणारा नवा. ताईनें आम्हांला ओळखलें. रांगेंत ती बाई होती. उन्हानें काळवंडलेली, हातावर पाचटाचे ओरखडे, पण पदर तोंडाशीं नव्हता. उपचार पुरे झाल्याचा शेवटचा तपास राहिला होता, त्यासाठीं थुंकीची डबी तिच्या हातीं दिली. तिनें ती बांकावर ठेवून दिली आणि मागें लपलेल्या, केसांना तेलपाणी करून आणलेल्या एका लहान मुलीला पुढें ओढलें.

“आधीं हिचं बघा,” ती म्हणाली. “रातचं खोकती.”